डेक्कन कॉलेज : एका लहान विद्यालयाची कथा

पुण्याच्या विद्यापरंपरेचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम मोठमोठीं कॉलेजें येतात. विद्यार्थ्यांची संख्या आणि परीक्षांचे निकाल ह्यांवरून विद्यालयाची थोरवी ठरविण्याची आपणांस संवय झाली आहे. परंतु ह्याच पुण्याजवळ, येरवड्यास, एक असें विद्यालय आहे कीं, जें संख्येच्या मानानें लहानच राहिलें, ज्याचें नांव अनेकदां बदललें, जें एकदां सरकारनें बंदही केलें. आणि तरीही गेल्या दोनशें वर्षांच्या महाराष्ट्राच्या बौद्धिक इतिहासांतून तें वगळतां येत नाहीं. तें म्हणजे डेक्कन कॉलेज. आज त्याचीच थोडी हकीकत श्रोत्यांपुढें मांडावयाची आहे.

ह्या विद्यालयाचा उगम पेशवाईच्या अस्तांत आहे. श्रावण महिन्यांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याची पेशव्यांची चाल प्रसिद्धच आहे. १८१८ सालीं राज्य गेलें, तेव्हां ह्या दक्षिणेचें काय करावें, हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढें उभा राहिला. ती एकदम बंद करावी तर विद्वद्वर्ग दुखावणार. पूर्वीप्रमाणें चालू ठेवावी तर सरकारास तो खर्च निष्फळ वाटणार. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धोरणी मनुष्य होता. मुंबईचा गव्हर्नर असतां त्यानें ह्या पैशाचा कांहीं भाग विद्यादानाकडे वळविला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. ज्या वाड्यांत कालपर्यंत पेशव्याचा दरबार भरत असे, तेथें आतां व्याकरण, न्याय आणि ज्योतिष ह्यांचे पाठ होऊं लागले. राज्य गेलें, पण विद्येचें दान राहिलें.

पुढें इंग्रजी विद्येचा जोर वाढला. १८५१ सालीं ही पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून ‘पूना कॉलेज’ स्थापन झालें. ‘लाइट ऑफ एशिया’ हें बुद्धचरित्र लिहून पुढें कीर्ति मिळविणारा एडविन अर्नोल्ड कांहीं वर्षें ह्या कॉलेजचा प्रिन्सिपॉल होता. १८६४ सालीं ‘डेक्कन कॉलेज’ हें नांव मिळालें; आणि सर जमशेटजी जीजीभाई घराण्याच्या मोठ्या देणगीच्या साहाय्यानें येरवड्यास गॉथिक घाटाची दगडी इमारत उभी राहून १८६८ सालीं कॉलेज तेथें गेलें.

शहरापासून दूर जाणें ही गोष्ट कॉलेजच्या स्वभावास कारण झाली. पुष्कळ विद्यार्थी कॉलेजच्या आवारांतच राहत. वर्ग संपला म्हणजे शिक्षण संपलें, असें तेथें नव्हतें. वर्गांत ऐकलेल्या विषयावर रात्रीं खोलीखोलींतून वाद चालत. अध्यापकही साधे नव्हते. कवि वर्ड्‌स्वर्थ ह्याचा नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ हा तेथें प्रिन्सिपॉल होता. पतंजलीच्या महाभाष्याची संशोधित आवृत्ति काढणारा जर्मन पंडित कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत येथें संस्कृत शिकवीत होता, आणि त्याच्यामागून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले. सरकारनें ठिकठिकाणांहून जमविलेला हस्तलिखितांचा अमोल संग्रहही ह्याच कॉलेजांत होता. १९१८ सालीं तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सोंपविण्यांत आला.

ह्या वातावरणांत कोणतीं माणसें तयार झालीं, तें महाराष्ट्र जाणतो. कॉलेजांतलें पहिलें वर्ष बळवंतराव टिळकांनीं अभ्यासापेक्षां तालमीला अधिक दिलें आणि दुबळें शरीर कमावून घेतलें. घरच्या दारिद्र्याशीं झगडत शिकणाऱ्या गोपाळराव आगरकरांनीं, मुलगा मोठ्या पगारावर जाईल ही आशा सोडावी, असें आईस कळविलें. ह्या दोघांची गांठ येथेंच पडली. आणि सरकारी नोकरी न पत्करतां लोकांना शिक्षण द्यावयाचें, हा निश्चय त्यांच्या येथील चर्चेंतूनच पक्का झाला. ह्याच कॉलेजांत शिकलेले विष्णुशास्त्री चिपळूणकर त्यांना मिळाले. १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज. सरकारच्या पैशानें चाललेल्या कॉलेजनें सरकारच्या आश्रयावांचून शिक्षण देऊं पाहणारी पिढी निर्माण केली, ह्यापरतें त्याच्या शिक्षणाचें दुसरें प्रमाण कोणतें हवें?

आणखी एक नांव सहसा घेतलें जात नाहीं. नाशकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या कॉलेजांत, सर्व मुलग्यांमध्यें एकट्या बसून, शिकल्या. त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. पुढें १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री होण्याचा मानही त्यांनींच मिळविला.

अशा ह्या कॉलेजचे दरवाजे १९३४ सालीं सरकारनें बंद केले. शहरांत आतां दुसरीं कॉलेजें होतीं. एका लहान विद्यालयावांचून कोणाचें अडणार होतें? परंतु माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहींत. लोकांच्या देणगीवर उभारलेली विद्येची वास्तु राज्यकर्त्यांच्या मर्जीनें मिटवितां येते काय, हा खरा प्रश्न होता. त्यांनीं तो न्यायालयापर्यंत नेला आणि पांच वर्षें चिकाटी सोडली नाहीं. १७ ऑगस्ट १९३९ रोजीं कॉलेज पुन्हां उघडलें. पण आतां तें पदवीपरीक्षेची तयारी करून घेणारें कॉलेज राहिलें नाहीं. तें पदव्युत्तर अध्ययनाचें व संशोधनाचें मंदिर झालें.

विद्यार्थी पूर्वींहूनही थोडे, पण काम पूर्वींहून खोल. डॉ. हसमुख सांकळिया ह्यांनीं नेवासें वगैरे ठिकाणीं उत्खननें करून महाराष्ट्राचा इतिहास लेखांच्या आणि ताम्रपटांच्या कितीतरी मागें नेला. डॉ. इरावती कर्वे ह्यांनीं समाजाचा आणि आप्तसंबंधांचा अभ्यास केला, तर त्र्यंबक शंकर शेजवलकरांनीं मराठ्यांच्या इतिहासाची परखड चिकित्सा केली. १९४८ सालीं डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनीं संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचें काम हातीं घेतलें. सुमारें १,५०० ग्रंथांतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढीत काढीत पहिला भाग छापून निघण्यास १९७६ साल उजाडलें! काम आरंभणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तें पुरें झालेलें दिसणार नाहीं, हें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें. तें आजही चालू आहे. १९९० सालीं ह्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

विश्रामबागेंतील शास्त्र्यांच्या पाठशाळेंतून निघालेली ही वाट फिरून संस्कृताच्या शब्दापाशीं आली, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. नांवें बदललीं, जागा बदलली, शिकविण्याची भाषा बदलली. बदललें नाहीं तें एवढेंच, कीं थोड्या माणसांनीं एकत्र राहून, लवकर फळाची अपेक्षा न धरतां, एका विषयाच्या मुळाशीं जावें. अशीं कामें नफ्यातोट्याच्या वहींत नेहमीं खर्चाच्या बाजूस पडतात. म्हणूनच तीं बंद करणें सोपें असतें, आणि म्हणूनच तीं राखण्याचा भार सुशिक्षित समाजावर असतो. १९३४ नंतर पांच वर्षें तो भार कांहीं लोकांनीं उचलला. त्यांनीं तो उचलला नसता, तर येरवड्यास आज केवळ एक सुंदर जुनी इमारत उरली असती.