नव्या काबिजादींचा कारभार

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून कायमचे गेले. पेडणे तर खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून पोर्तुगीजांना सोडले. यांच्यासह १७६३ पासून जोडलेला सगळा मुलूख ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखला जातो. त्याचा कारभार कसा बसवावा, याचा एक नमुना गोव्याच्या पोर्तुगीज सरकारजवळ आधीच होता.

तो तिसवाडी, बारदेस आणि साष्टी या जुन्या काबिजादींचा. तिसवाडीच्या गावकरीचे, म्हणजे गावसंस्थेचे, रिवाज पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने १५२६ साली लिहून काढले होते. जमीन गावकरांची सामाईक. शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला जात. उत्पन्नातून सरकारचा सारा, बांधबंदिस्ती आणि गावसेवकांचे हक्क भागत. उरलेले झोण म्हणून गावकरांत वाटले जाई. सारा घराघरांतून गोळा करावा लागत नसे, तो गावाकडून एकगठ्ठा येई. तिजोरीला हे सोयीचे होते, म्हणूनच ही संस्था टिकली. देवळे मात्र टिकली नाहीत; ती सरकारने मोडली. दिवाडीचा सप्तकोटीश्वर नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी केला.

अठराव्या शतकात मात्र मोडतोड करण्याइतके बळ सरकारपाशी नव्हते. म्हणून नव्या काबिजादींत धर्म आणि रिवाज यांना हात न लावण्याची हमी देण्यात आली, आणि देसाई, देशपांडे, कुलकर्णी आपापल्या जागी राहिले. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला तर पुढे व्हिस्काउंटचा किताबही मिळाला. या धोरणाला उदारपणा म्हणण्यापेक्षा काटकसर म्हणणे योग्य. तोंडी रिवाजांवर न्यायनिवाडा चालवणे जड जाऊ लागले, तेव्हा १८२४ साली त्यांची संहिता झाली. १८६१ च्या आवृत्तीत पोर्तुगीजसोबत मराठी मजकूरही आहे.

एकोणिसाव्या शतकात गावकरी ठेवावी की मोडावी, असा वाद पेटला. फिलिप नेरी शाविएर यांनी १८५२ साली तिचा इतिहास मांडला, तर कुन्या रिवारा यांनी १८७० साली तिच्या बाजूने पुस्तकच लिहिले. गावकरी राहिली, पण तिच्यावर प्रशासकाची देखरेख घट्ट होत गेली. १८८० च्या फर्मानाने जुन्या-नव्या काबिजादींतील हिंदूंचे रिवाज एकाच नियमावलीत आले, आणि १८८६ साली देवस्थानांच्या महाजनकीलाही स्वतंत्र नियम मिळाले.

१९६१ च्या मुक्तीनंतर पंचायती आल्या आणि १९६४ साली कूळ कायदा झाला. गावकरीची, म्हणजेच कोमुनिदादची, संहिता मात्र रद्द झाली नाही. त्यामुळे गोव्यात आज पंचायत, कोमुनिदाद आणि मामलेदार या तिन्ही यंत्रणा शेजारीशेजारी चालतात, आणि जमिनीच्या तंट्यात कुणाचा अधिकार कुठवर पोचतो यावरच आधी वाद होतो.