पिवळ्या दिव्यांचा पडदा

ज्योतीत मिठाची चिमूट टाकून पिवळा रंग दाखवणे हा आपला नेहमीचा प्रयोग. या सोडियमच्या उजेडानेच डिस्नेच्या ‘मेरी पॉपिन्स’ (१९६४) चित्रपटातली माणसे चित्रांच्या दुनियेत नेली.

नटांच्या मागे निळा पडदा लावून नंतर दुसरे दृश्य जोडण्याची युक्ती तेव्हाही होती. पण मग निळा पोशाख चालत नसे. डिस्नेने पडदा पांढरा ठेवला आणि त्यावर सोडियमचे दिवे सारखे पसरून लावले. हा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, सुमारे ५८९ नॅनोमीटरचा. कॅमेऱ्यातला लोलक तेवढाच प्रकाश बाजूला काढून कृष्णधवल फिल्मवर पाठवी. तिच्यावर उजळ पडद्यापुढे नटांच्या काळ्या आकृती उमटत. उरलेला प्रकाश रंगीत फिल्मवर जाई. आता नटाने अगदी पिवळा कोट घातला तरी बिघडत नसे, कारण कापडाच्या पिवळ्यात अनेक तरंगलांब्या मिसळलेल्या असतात. टोपीची झिरझिरीत जाळीसुद्धा टिके! पेट्रो व्लाहोस, अब आयवर्क्स आणि वॉड्सवर्थ पोल यांना याबद्दल १९६५ साली ऑस्कर मिळाले.

पद्धत मागे पडली ती त्या खास कॅमेऱ्यापायी. निळ्या-हिरव्या पडद्याला साधा कॅमेरा पुरतो. पडद्याला वेगळे, सारखे दिवे आणि नट त्यापासून दूर, हा नियम मात्र शाळेतल्या हिरव्या चादरीलाही लागू आहे. नट चादरीला खेटून उभा राहिला, की तिचा हिरवा उजेड त्याच्या कानांवर, केसांवर पडतो आणि जोडताना कान गायब होतात.