अस्वलं गाव सोडून का गेली?

आपल्या मंडळातली बरीच मुलं टोरोंटोच्या रॅप्टर्सची जर्सी घालून बर्नाबीच्या कम्युनिटी सेंटरांत बास्केटबॉल खेळतात. आपल्या व्हँकुव्हरचाही एक एनबीए संघ होता, असं सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. पण होता! 'व्हँकुव्हर ग्रिझलीज' हे त्याचं नाव. ग्रिझली म्हणजे इकडच्या डोंगरांतलं थोराड अस्वल. १९९५ ते २००१ अशी सहा वर्षं ही अस्वलं इथे नांदली आणि मग गाशा गुंडाळून अमेरिकेतल्या मेम्फिसला गेली.

मी एम.एस. करायला इकडे आलो तेव्हा संघ जाऊन काही वर्षं झाली होती. पुढे नोकरीला लागल्यावर ऑफिसातली जुनी मंडळी जेवणाच्या सुट्टीत हळहळताना ऐकली. "संघ का गेला?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "अरे, रात्री इथे करायचं काय? कोट्यधीश पोरांना नाईटलाईफ लागतं, ते इथे नाही." आम्ही कन्सल्टंट लोक एका कारणावर सहसा समाधान मानत नाही. सिस्टीम बंद पडली की पहिला संशय ज्याच्यावर येतो, तो बहुतेक वेळा एकटा दोषी नसतो. म्हणून हा इतिहास जरा खणून पाहिला.

एनबीएचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातच, टोरोंटोत झाला होता. पण तिथला संघ एका हंगामातच आटोपला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९५ साली, टोरोंटो आणि व्हँकुव्हर असे दोन कॅनेडियन संघ एकदम आले. आर्थर ग्रिफिथ्स यांनी त्यासाठी जीएम प्लेस हे स्टेडियम उभारलं. आज त्यालाच आपण रॉजर्स अरीना म्हणतो. मेट्रोटाऊनहून स्कायट्रेनमध्ये बसलं की गाडी न बदलता तिथे पोहोचता येतं. संघाचं नाव आधी 'माउंटीज' ठेवायचं घाटत होतं, पण खऱ्याखुऱ्या माउंटी पोलिसांनी हरकत घेतली आणि अस्वलाचा नंबर लागला.

सुरुवात झोकात झाली. पहिले दोन्ही सामने जिंकले! त्यानंतर ओळीने १९ हरले. त्याच हंगामात पुढे ओळीने २३ हरले. सहा वर्षांचा हिशेब सांगतो : १०१ विजय आणि ३५९ पराभव. तरीही पहिल्या वर्षी सरासरी १७ हजारांवर प्रेक्षक येत होते. शेवटच्या वर्षी ते १४ हजारांच्या खाली आले.

आता मुख्य प्रसंग. एनबीएत नव्या खेळाडूंची निवड 'ड्राफ्ट'मधून होते. आयपीएलच्या लिलावासारखंच, संघ तुम्हाला निवडतो, तुम्ही संघाला नाही. ३० जून १९९९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हा कार्यक्रम झाला आणि व्हँकुव्हरने दुसऱ्या क्रमांकावर स्टीव्ह फ्रान्सिसला निवडलं. हा मुलगा तिथल्याच मेरीलँड राज्यातला. नाव पुकारलं गेल्यावर त्याचा जो चेहरा पडला, तो साऱ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिला. घरापासूनचं अंतर, कर, जाहिरातींचं उत्पन्न अशी कारणं त्याने दिली आणि व्हँकुव्हरकडून खेळायला नकार दिला. ऑगस्टमध्ये तीन संघांनी मिळून ११ खेळाडूंची अदलाबदल केली, तेव्हा कुठे तो ह्यूस्टनला गेला. एनबीएच्या इतिहासातला तोवरचा तो सर्वांत मोठा सौदा होता.

व्हँकुव्हरच्या मनाला हे लागलं. लागणारच! समुद्र, डोंगर, स्वच्छ हवा, उत्तम शाळा असं सगळं असताना विशीतला एक पोरगा आपल्या गावाला नाक मुरडतो म्हणजे काय?

पण त्याच्या बाजूनेही पाहू. कर हे खोटं कारण नव्हतं. त्या काळी ब्रिटिश कोलंबियात वरच्या टप्प्यातल्या उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग सरकारजमा व्हायचा, तर टेक्सासात राज्याचा आयकरच नाही. रात्रीच्या जीवनाबद्दलही लोक अगदीच खोटं बोलत नव्हते. या प्रांतात १९१७ ते १९२१ दारूबंदी होती. ती उठल्यावर ज्या बिअर पार्लरना परवानगी मिळाली, तिथे गाणंबजावणं वर्ज्य होतं आणि बायकांना वेगळ्या दाराने आत जावं लागे. असे निर्बंध कित्येक दशकं टिकले. व्हँकुव्हरला 'मजा नसलेलं शहर' हे टोपणनाव उगीच पडलेलं नाही.

खणता खणता मला जे सापडलं ते मात्र याहून निराळं होतं. या शहरात एके काळी रात्रीचं जीवन होतं, आणि तेही नेमकं या खेळाडूंच्या समाजाचं!

एनबीएतले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय. व्हँकुव्हरात कृष्णवर्णीयांची वस्ती होती, तिचं नाव होगन्स ॲली. मेन स्ट्रीट आणि युनियन स्ट्रीटच्या आसपासचा हा गल्लीबोळांचा भाग. रेल्वे स्टेशन जवळ असल्यामुळे रेल्वेतले पोर्टर तिथे राहात. त्यांचं चर्च होतं, कोंबडीच्या पदार्थांसाठी प्रसिद्ध खाणावळी होत्या, रात्री उशिरापर्यंत गाणंबजावणं चाले. जगप्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची आजी नोरा हेंड्रिक्स तिथल्या 'व्हायज' या खाणावळीत स्वयंपाक करायची. ते चर्च उभं करण्यातही तिचा पुढाकार होता.

साठच्या दशकात शहराच्या पोटातून एक मोठा महामार्ग न्यायचं ठरलं. लोकांच्या विरोधामुळे महामार्ग झाला नाही, पण त्याचा पहिला तुकडा म्हणून जॉर्जिया आणि डन्समुइर हे उड्डाणपूल बांधले गेले आणि त्यासाठी होगन्स ॲलीवर बुलडोझर फिरला. १९७२ पर्यंत पूल उभे राहिले आणि वस्ती पांगली. १९९५ साली जीएम प्लेस उभं राहिलं ते याच पुलांच्या कुशीत. जिथे या खेळाडूंना घरच्यासारखं जेवण मिळालं असतं, ते ठिकाण स्टेडियमपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर पुलाखाली गाडलं गेलं होतं. नव्वदच्या दशकात व्हँकुव्हर परिसरात कृष्णवर्णीय माणसं शंभरात एखादी. टोरोंटोत मात्र कॅरिबियन बेटांवरून आलेला मोठा समाज होता आणि १९६७ पासून कॅरिबाना उत्सव रस्त्यावर रंगत होता.

एवढ्यावरून 'वस्ती असती तर संघ टिकला असता' असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. टोरोंटोलाही खेळाडू सोडून गेलेच. १९९८ साली केनी अँडरसनने तिथे जायला नकार दिला, २००० साली मॅकग्रेडी गेला, २००४ साली व्हिन्स कार्टर. उलट सॅन अँटोनियोसारख्या झगमगाट नसलेल्या शहरात टिम डंकन अख्खी कारकीर्द खेळला आणि त्याच्या संघाने १९९९ ते २०१४ दरम्यान पाच विजेतेपदं मिळवली. कधीही न झोपणाऱ्या न्यूयॉर्कच्या निक्सना मात्र १९७३ नंतरची पन्नास वर्षं एकही मिळालं नाही! आपल्या अस्वलांचा लाडका ब्रायंट रीव्हज तर ओक्लाहोमातल्या चिमुकल्या खेड्यातून आलेला. त्याला संघाने सहा वर्षांसाठी सहा कोटी डॉलर्सच्या वर रक्कम कबूल केली होती, पण पाठीच्या दुखण्याने त्याचा खेळ संपवला. नाईटलाईफचा तिथे काय संबंध?

शेवटचा घाव पैशाचा होता. तिकिटं विकायची कॅनेडियन डॉलरमध्ये, पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. आणि आपला डॉलर तेव्हा अमेरिकेच्या ६५ सेंटच्या आसपास घुटमळत होता. त्यातच मालक-खेळाडूंच्या वादामुळे १९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांवर आला आणि प्रेक्षक रुसले. ग्रिफिथ्सनंतर जॉन मॅककॉ, मग २००० साली मायकल हाइस्ली असे मालक बदलत गेले आणि वर्षभरात संघ हलला.

हे वाचताना मला कोल्हापूर आठवलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे कुठलं आलं नाईटलाईफ? तरी उत्तरेकडचे नामवंत मल्ल तिथे येत, कारण शाहू महाराजांनी तालमी दिल्या, खुराक दिला, १९१२ साली खासबाग मैदान बांधलं आणि कुस्तीवर जीव टाकणारं गाव सभोवती होतं. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई तिथे दरबारी गायक म्हणून राहिला. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. आश्रय, कदर आणि आपली माणसं ही तिन्ही एकत्र असली की गुणी माणूस टिकतो. व्हँकुव्हरात आश्रय डळमळीत, कदर पराभवांनी झिजलेली आणि आपली माणसं पांगवलेली. 'नाईटलाईफ नाही' हे त्या सगळ्याचं सोपं नाव होतं.

सगळेच काही नाखूष नव्हते. शरीफ अब्दुर-रहीमसारखा उमदा खेळाडू पाच वर्षं इथे मन लावून खेळला. कॅट जेमी या व्हँकुव्हरच्या दिग्दर्शिकेने २०१८ आणि २०२२ साली या संघावर दोन माहितीपट केले, म्हणजे लहानपणी लावलेला तो लळा सुटलेला नाही. होगन्स ॲलीच्या जागी कृष्णवर्णीय समाजासाठी पुन्हा काही उभारावं म्हणून २०२२ साली शहराने तिथल्या संस्थेशी करारही केला.

आपल्यालाही इथे कुणी ड्राफ्ट केलेलं नाही, आपण निवडून आलो. तरी इथला पहिला पावसाळी नोव्हेंबर आठवून पाहा. चारला अंधार, खोलीत एकटं, आणि सिॲटलच्या कंपनीची दुप्पट पगाराची ईमेल. तेव्हा आपण इथे राहिलो ते डोंगर पाहून की शनिवारी कुणीतरी "पोहे केलेत, ये रे" म्हणालं म्हणून? यंदाही सायमन फ्रेझर विद्यापीठात आपली नवी मुलं आली असतील. गणपतीला ती येतीलच. पण नोव्हेंबरात त्यांना फोन करायला विसरू नका, मंडळी.