किरारीचा खांब आणि तैलचित्रावरचे तडे
रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात किरारी गावचा एक लाकडी खांब आहे. १९२१च्या उन्हाळ्यात तिथला हीराबंध तलाव आटला, तेव्हा तो गाळातून निघाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांत सेनापती, प्रतिहार, नगररक्षी अशा अधिकाऱ्यांची नावे कोरलेली होती. लेख साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. गाळात शतकानुशतके टिकलेले लाकूड उन्हात वाळले, आकसले आणि अक्षरांसकट त्याच्या ढलप्या गळू लागल्या. गावातल्या एका पंडिताने त्याआधीच अक्षरे दिसली तशी उतरवून घेतली होती, म्हणून लेख हाती लागला. पण अशा नकलेत अक्षर येते. घाव किती खोल होता, लाकूड कुठे उचलले होते, हे येत नाही. तैलचित्रांच्या बाबतीत आपण अजून बहुधा त्या पंडिताच्याच पायरीवर आहोत. चित्राचा फोटो काढला की त्याची नोंद झाली, असे मानतो.

तैलरंग वाळतो म्हणजे ओल्या कपड्यासारखे त्यातले पाणी उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि पुढे कित्येक वर्षे ठिसूळ होत राहते. खालचा कॅनव्हास आणि त्यावरचा सरसाचा थर मात्र हवेतल्या ओलीप्रमाणे ताणले जातात, सैलावतात. मेमधली झळ आणि जुलैमधला दमटपणा सोसणाऱ्या रायपुरात ही ओढाताण दरवर्षीची. जुना रंग तेवढा ताण सोसत नाही. आधी बारीक तडे, मग तड्यांचे काठ वाटीच्या कडांसारखे वर, शेवटी पापुद्रा सुटतो. हे उचलणे समोरून काढलेल्या फोटोत जवळजवळ दिसत नाही. संवर्धक बाजूने तिरपा दिवा धरून ते पाहत आले आहेत. पण दिवा जरा सरकला की सावल्याही सरकतात, आणि सावली मोजता येत नाही. लेसरने मात्र उंचसखलपणा थेट मोजता येतो. २००४ साली कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तंत्रज्ञांनी पॅरिसमध्ये मोनालिसाचे लेसर-स्कॅनिंग केले, तेव्हा पॉप्लरच्या फळीचा बाक आणि रंगाचा पृष्ठभाग दहा मायक्रॉनच्या बारकाईने मोजला गेला.

हुबेहूब प्रत पुरेशी नाही का, हा आक्षेप जुना आहे, आणि अजिंठ्याने त्याचे उत्तर दिले आहे. चित्रकार रॉबर्ट गिलने १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले ग्रिफिथ्स आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ नव्याने खपून प्रती केल्या, आणि त्यांतल्याही बऱ्याच लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. आग लागली नसती तरी त्यांत आकृती आणि रंगच होते, गिलाव्याचे फुगवटे नव्हते. शिवाय वाचलेल्या प्रती आता स्वतःच म्हाताऱ्या होत चाललेली तैलचित्रे आहेत.

स्कॅनिंग फक्त वरचा पृष्ठभाग पाहते, आत रंगातल्या शिशाचा तेलाशी संयोग होऊन साबण बनत असेल तर ते कळत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यासाठी क्ष-किरण आणि रसायनशाळाच हवी. खर्चाचे म्हणाल, तर साध्या कॅमेऱ्याने अनेक कोनांतून फोटो घेऊनही उंचवट्यांचा नकाशा करता येतो. लेसरइतका बारीक नाही, पण काठ उचलला की नाही हे सांगण्याइतका. खरी किंमत दुसऱ्या मापाला असते, कारण ते पहिल्यातून वजा करता येते. म्हणून पहिले माप चित्र धडधाकट दिसत असतानाच घ्यायला हवे, आणि शेजारी तारखेबरोबर त्या दिवशीची आर्द्रताही लिहायला हवी. नाहीतर रायपुरात मे आणि ऑगस्टची मापे एकापुढे एक ठेवून म्हातारपण म्हणून मोजलेला फरक नुसता पावसाळ्याचा निघायचा.