लाल-हिरव्याची ओळख ठेवणारी प्रथिने
बोरिवली, अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या फलाटात लोकल शिरते, तेव्हा मोटरमनने लाल, पिवळा, हिरवा सिग्नल अचूक ओळखलेला असतो. म्हणूनच रेल्वेच्या वैद्यकीय नियमांत गाडी चालवणाऱ्यांसाठी ए-१ हा सर्वांत कडक दृष्टिवर्ग आहे आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर त्यांची रंगदृष्टी तपासली जाते. ही ओळख दृष्टिपटलातील ऑप्सिन नावाच्या प्रकाशसंवेदी प्रथिनांवर अवलंबून असते.

कोणते ऑप्सिन कोणत्या पेशीत आहे, हे पाहण्याची रीत म्हणजे प्रतिपिंड-रंजन. दान केलेल्या डोळ्याचे पारपटल प्रत्यारोपणासाठी काढल्यावर, संशोधनास संमती असल्यास, उरलेले दृष्टिपटल फॉर्मल्डिहाइडमध्ये टिकवतात. ते गोठवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप घेतात. त्यावर ठरावीक ऑप्सिनलाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात, जादा धुऊन टाकतात आणि पहिल्याला पकडणारे, चमकणारे रंगद्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली हव्या त्याच पेशी उजळतात. एका कापाला मात्र पहिले प्रतिपिंड मुद्दाम लावत नाहीत; तोही तसाच चमकला, तर दिसलेले सारे फसवे समजावे.

याच रीतीने १९९१ मध्ये अमेरिकेतील क्रिस्टीन कर्सियो व सहकाऱ्यांनी निळा प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशींचा मानवी दृष्टिपटलावरील नकाशा काढला. या पेशी मुळात थोड्या. सर्वांत तीक्ष्ण दृष्टीच्या ऐन मध्यबिंदूत तर जवळजवळ नाहीतच.

परंतु सिग्नलसाठी महत्त्वाच्या लाल व हिरव्या शंकुपेशींपुढे प्रतिपिंडांचे काही चालत नाही. जेरेमी नेथन्स व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या प्रथिनांची जनुके उलगडली, तेव्हा दोन्ही प्रथिने ३६४ अमिनो आम्लांची असून त्यांत जेमतेम १५ ठिकाणी फरक असल्याचे दिसले. इतक्या सारख्या जुळ्यांतून एकालाच धरणारे प्रतिपिंड मिळणे कठीण; ते दोघांनाही रंगवते. ही जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्याने त्यांची सरमिसळ सहज होते आणि पुरुषांकडे हे गुणसूत्र एकच असल्याने लाल-हिरवा दोष त्यांच्यात अधिक आढळतो.

अखेर वाट काढली ती खगोलशास्त्राकडून घेतलेल्या तंत्राने. दुर्बिणीत वातावरणाचा थरथराट दूर करणारी युक्ती वापरून ऑस्टिन रूर्डा व डेव्हिड विल्यम्स यांनी १९९९ मध्ये जिवंत डोळ्यातील एकेक शंकुपेशी टिपली. तपासलेल्या दोघांपैकी एकात लाल व हिरव्या पेशी जवळपास समान होत्या, तर दुसऱ्यात लाल पेशी हिरव्यांच्या जवळजवळ चौपट. रंगदृष्टी दोघांचीही निर्दोष होती.