६० मीटर, १४ सेकंद

या प्रवासाला एकच अट आहे. आज तुला जे ठाऊक आहे ते इथेच ठेवून यायचं. ऑश्विट्झ हे नाव विसर, सिनेमात पाहिलेले काळे बूट विसर. दहा वर्षांची हो, गुडघा खरचटलेला असू दे, आणि चल.

१९ एप्रिल १९३६. दक्षिण जर्मनीतलं, डॅन्यूबच्या काठचं उल्म. कुठल्याही गल्लीतून मान वर केली की मिन्स्टरचा मनोरा दिसतो. १६१ मीटर! या घडीला एवढा उंच मनोरा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच चर्चला नाही. स्वयंपाकघरात आई तुझ्या पांढऱ्या ब्लाउजला इस्त्री करते आहे, दमट कापडाची ऊनऊन वाफ येते आहे. ब्लाउजच्या कमरेला बटणांची रांग आहे आणि गडद निळा स्कर्ट त्या बटणांनाच अडकवायचा आहे, म्हणजे कितीही धावलीस, उड्या मारल्यास तरी ब्लाउज सुटून वर येणार नाही. ही गोष्ट तुला फार आवडली आहे. आजवरचा प्रत्येक कपडा ‘नीट बस, मळेल’ म्हणणारा होता. हा पहिलाच धावण्यासाठी शिवलेला.

उद्या हिटलरचा वाढदिवस. त्या निमित्तानं देशभरातली दहा वर्षांची मुलं हिटलरच्या युवक संघटनेत दाखल होतात, मुलगे जुंगफोल्कमध्ये आणि मुली जुंगमेडेलमध्ये. सक्ती अजून नाही. पण ‘कुणाचं नाव राहिलंय?’ असं बाईंनी विचारलं, तेव्हा वर झालेल्या दोन-तीन हातांकडे सगळा वर्ग वळून पाहत होता. घरी बाबा कुरकुरले. पोरीच्या जातीला कवायत कशाला, बुधवारी संध्याकाळी घराबाहेर कशाला. तू पाय आपटलेस, आणि बाबांना गप्प बसावं लागलं, कारण तुझ्या पाठीशी आता सरकार होतं. बाबांचा शब्द खाली पडताना तू जन्मात पहिल्यांदा पाहिलास. ही चव जिभेवर राहू दे, तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

बुधवारची बैठक. खोलीत एकही मोठं माणूस नाही. तरुणांचं नेतृत्व तरुणांनीच करायचं, हे इथलं तत्त्व. तुमची गटनायिका जेमतेम पंधरा वर्षांची. ती गाणी शिकवते, गोष्टी सांगते, शेकोटी कशी रचायची ते दाखवते. याच गावात, याच वर्षी सोफी शोल नावाची मुलगी अशाच लहान मुलींचा गट चालवते आहे. पुढच्या महिन्यात तिला पंधरावं पूर्ण होईल. केस मुलासारखे आखूड कापलेत, आणि तिच्या वडिलांना हे सगळं मुळीच पसंत नाही. तिच्या गटातल्या मुली तिच्यावर जीव टाकतात. तूही टाकला असतास.

आणि शनिवार! संघटनेत असलेल्यांना शनिवारी शाळा नाही. तुम्ही रांगेनं गावाबाहेर निघता, पाठीवर पिशवी, ओठांवर गाणं. कूबेर्गच्या टेकडीवर जुना किल्ला आहे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिथे सरकारच्या विरोधकांना डांबलं होतं. मोठी माणसं तो विषय निघाला की आवाज खाली आणतात. तुला त्याचं काय? तुझ्या पायांखाली ओलं गवत आहे, आणि आजीच्या, आईच्या लहानपणी एकाही मुलीला मिळाला नव्हता असा एक अख्खा मोकळा दिवस.

इथे क्षणभर मध्ये बोलते. हा आनंद खोटा होता असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. बर्लिनची मेलिटा माशमान १९३३ मध्ये, पंधराव्या वर्षी, आईवडिलांपासून लपवून संघटनेत गेली आणि पुढे तिथली मोठी पदाधिकारी झाली. १९६३ साली तिनं त्या दिवसांचा हिशेब मांडणारं पुस्तक लिहिलं, तेही एका ज्यू शाळामैत्रिणीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात. घरातल्या कोंदट, कोवळ्या आयुष्यातून सुटून काहीतरी मोठं करायची ओढ तिला तिकडे घेऊन गेली होती. तीच माशमान पुढे भारतात आली आणि आनंदमयी माँची शिष्या झाली. मला त्या बाईचा राग येतो, आणि तिची ओढ मात्र आतून ओळखीची वाटते. उंबऱ्याबाहेर पडायला तडफडलेल्या कुठल्या मुलीला ती ओळखीची वाटणार नाही?

चल परत. आज तुझी परीक्षा आहे. ६० मीटर १४ सेकंदांत धावायचं, २ मीटर लांब उडी, चेंडू १२ मीटर फेकायचा. पलीकडच्या मैदानावर तुझा मोठा भाऊ आहे. मुलांना तेच ६० मीटर १२ सेकंदांत, उडी पावणेतीन मीटर, चेंडू २५ मीटर. तू शिटी ऐकतेस आणि सुटतेस. तेरा सेकंद! गल्लीत भावाबरोबर किती वेळा बरोबरीनं धावली आहेस तू, पण इथे तुझी रेघ आधीच अलीकडे आखलेली आहे. आणि बक्षीस? भावाला सुरी मिळते, खरी, पोलादी, पात्यावर ‘रक्त आणि सन्मान’ कोरलेली. तुला काळा रुमाल आणि तो गळ्याशी अडकवायची चामड्याची विणलेली गाठ. गाठ बोटांत फिरवून बघ. नव्या चामड्याचा वास, कडा अजून कडक. तू ती रात्री उशाशी घेऊन झोपतेस. भाऊ हवाई बंदूक चालवायला, नकाशा वाचायला शिकतो. तू धावायला शिकतेस, कारण निरोगी शरीरातून निरोगी मुलं जन्मतात. हे कारण कुणी लपवून ठेवलेलं नाही. बैठकीत, गाण्यात, चित्रात ते राजरोस सांगितलेलं आहे. तुला फक्त धावणं ऐकू येतं.

घरातली मोठी माणसं बघ जरा. तुझी मावशी शिक्षिका होती. नवरा कमावतो म्हणून १९३३ च्या कायद्यानं अशा विवाहित बायकांना सरकारी नोकरीतून काढायची मुभा मिळाली, आणि ती आता घरी मोजे विणते. मावशीच्या पुतणीचं नुकतंच लग्न झालं. सरकारनं कर्ज दिलं, जास्तीत जास्त १,००० मार्क, रोख नव्हे तर घरसामानाची कुपनं. अट अशी, की नवरीनं नोकरी सोडायची. एक मूल झालं की पाव कर्ज माफ. चार झाली की सगळं फिटलं. दिवाणखान्यातलं नवं कपाट उघडझाप करत ती हसत हिशेब सांगते आणि सगळ्या बायका हसतात. चूल आणि मूल ही जोडी आपल्याला नवी नाही, पण तिचा असा हप्तेबंद हिशेब मांडून दाखवणारं राज्य ते हेच.

तुम्हा मुलींच्या संघटनेची प्रमुख ट्रूडे मोर. १९३७ मध्ये ती लग्न करेल आणि पद सोडेल. तिच्या डोक्यावर बसलेला, मुलामुलींच्या सगळ्या संघटनेचा प्रमुख बाल्डूर फॉन शिराख चार वर्षांपासून संसारी आहे, बापही झाला आहे. त्याला कुणी काही विचारणार नाही.

आता शनिवारची ती एक गोष्ट. तुमची रांग शाळेवरून जाते. संघटनेत नसलेली मुलं आत बसली आहेत, त्यांना शनिवारीही शाळा. खिडकीशी तुझ्या बाकावरची मैत्रीण आहे. ती ज्यू आहे, तिला घेतच नाहीत. ती तुझ्यापेक्षा जोरात धावते, हे तुम्हा दोघींना माहीत आहे. ती बघते. रांग पुढे सरकते.

यापुढे अट सैल करते, वर्षं भराभर जाऊ देते. डिसेंबर १९३६ मध्ये कायदा येतो, सगळी जर्मन मुलं आता संघटनेची. मार्च १९३९ मध्ये उरलीसुरली पळवाट बंद. त्याच्या आदल्याच नोव्हेंबरातल्या एका रात्री वाइनहोफवरचं सिनेगॉग जळतं, आणि काही महिन्यांनी मैत्रिणीच्या घराला दुसऱ्याच कुणाचे पडदे लागतात. चौदाव्या वर्षी शाळा संपते आणि तू मुलींच्या सक्तीच्या सेवावर्षासाठी एका शेतावर जातेस, गोठा काढतेस, सहा मुलांना आंघोळी घालतेस. त्यांच्या आईला रुपेरी मातृपदक मिळालेलं आहे. आठ झाली असती तर सोनेरी. त्या बाईच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या आहेत. संध्याकाळी ती पाय बादलीत सोडून बसते आणि काहीच बोलत नाही.

२२ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिकमध्ये सोफी शोलचा शिरच्छेद होतो. वय २१. तिनं सरकारविरोधी पत्रकं वाटली होती. तिचे आईवडील आणि बहिणी अटकेत जातात. त्यांच्या घरावरून जायची वेळ येते तेव्हा तू रस्ता ओलांडतेस.

१९४४ मध्ये, चूल सांभाळणं हेच स्त्रीचं जग असं ज्यांनी दहा वर्षं सांगितलं, त्यांनीच तुला विमानविरोधी दलात पाठवलं. रात्रीच्या आभाळात प्रकाशझोत तू फिरवायचा, तोफ मात्र पुरुषांनीच डागायची. भाऊ तोवर पूर्वेच्या आघाडीवर पडलेला. १७ डिसेंबरच्या रात्री उल्मवर बॉम्ब पडतात. जुन्या गावाचा बहुतेक भाग जळून जातो. मनोरा उभा राहतो.

२४ एप्रिल १९४५. अमेरिकन सैनिक उल्ममध्ये शिरतात. तू एकोणीस वर्षांची. आई चुलीशी बसून कात्रीनं बिल्ल्यांचे टाके उसवते आहे. बिल्ले जाळायचे, निळं कापड चांगलं आहे ते ठेवायचं. रुमाल लगेच पेटतो. चामड्याची गाठ पेटत नाही, नुसती आक्रसते, आणि खोलीभर करपलेल्या केसांसारखा वास पसरतो. तू चिमट्यानं ती निखाऱ्यांत आत ढकलतेस आणि शाळेची ती खिडकी आठवायचा प्रयत्न करतेस. तेव्हा आपण हात हलवला होता का? त्या शनिवारचं ऊन आठवतं, मागच्या मुलीच्या बुटांचा आवाज आठवतो. तेरा सेकंद आठवतात. हात आठवत नाही.