पिकअप गाडी: आधी अंगणात, मग कारखान्यात

१/ अमेरिकेतील पिकअप गाडी कारखान्याआधी शेतकऱ्याच्या अंगणात घडली. फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली आली. अनेकांनी तिच्या मागच्या बाजूस लाकडी हौदा बसवला आणि तीतून धान्य, दूध, अवजारे वाहिली.

२/ ही गरज ओळखून फोर्डने १५ एप्रिल १९२५ रोजी तयार पिकअप बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर, इंजिन २० अश्वशक्तीचे. मागे पोलादी हौदा, उघडता येणारा फाळका आणि अधिक भक्कम पाटे.

३/ १९४२ मध्ये महायुद्धामुळे नागरी वाहनांचे उत्पादन बहुतांश थांबले. जुन्या गाड्यांवरच भागवावे लागले. तेव्हा दुरुस्ती हा छंद नव्हता. त्यावर शेती चालत होती.

४/ आज पहिलीच जुनी पिकअप घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी सांगाडा तपासावा. गंजलेला पत्रा बदलता येतो. सांगाडाच गंजून पोखरला असेल, तर स्वस्त सौदा महागात पडतो.

५/ खरा पेच पुढे आहे. हौद्यातील पोचे ठोकून सपाट केले की गाडी नवी दिसते, पण तिने केलेल्या कामाची नोंद पुसली जाते. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी त्या प्रत्येक खुणेचे छायाचित्र जपणे, हे दुरुस्तीचे पहिले काम होय.